सामन्याच्या सकाळी पोटात का दुखते?

पावसाचा जोर ओसरू लागला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस येतात. शाळेच्या मैदानावर अजून ओल असते, सहामाही परीक्षा तोंडावर असते आणि १४, १७ व १९ वर्षांखालील संघांचे तालुकास्तरीय सामने लागतात. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणे. तालुका जिंकला की जिल्हा, म्हणजे अलिबागची वाट. पुढे मुंबई विभाग, मग राज्य.

याच दिवसांत सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात एक ओळखीचे चित्र दिसते. नववी-दहावीतली मुलगी येते. सोबत आई असते, कधी क्रीडाशिक्षक. पोटात मुरडा येतो, मळमळते, दोन रात्री झोप नाही, पाय जड झालेत. पोट तपासले तर मऊ. ताप नाही, जुलाब नाहीत, लघवीची तपासणी ठीक. सोबतचे मोठे माणूस म्हणते, "परवा मॅच आहे डॉक्टर, एखादं इंजेक्शन द्या. हिच्याशिवाय टीम नाही." मुलगी काहीच बोलत नाही. बाकीच्यांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारले, की हळूच उत्तर येते, "मागच्या वर्षी माझ्यामुळे हरलो."

ही कोणा एकीची गोष्ट नाही. थोड्याफार फरकाने अशी मुले-मुली दर हंगामात येतात. त्यांचे दुखणे खोटे नसते, फक्त त्याचे मूळ पोटात नसते.

मेंदूची धोक्याची घंटा

समोर साप दिसला काय किंवा समोरच्या संघाचे सात जण दिसले काय, मेंदूतील भीतीचे केंद्र सारखीच घंटा वाजवते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन रक्तात येते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तळहात गार आणि ओले होतात. रक्तपुरवठा पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतो, आतड्यांची हालचाल बिघडते. म्हणून पोटात गोळा येतो आणि सामन्याआधी चारदा शौचाला जावेसे वाटते.

ही यंत्रणा वाईट नाही. तिच्याशिवाय कोणी वेगाने धावू शकत नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की काम अवघड असेल तर थोडी उत्तेजना शिकण्याला मदत करते, पण ती फार वाढली की कामगिरी घसरते. माणसाच्या खेळातही साधारण हेच दिसते. थोडे दडपण अंगात बळ आणते, जास्त झाले की तेच बळ काढून घेते.

रायगडात घरोघरी ठाऊक असलेल्या कबड्डीत हे स्पष्ट दिसते. चढाई ३० सेकंदांची, आणि 'कबड्डी कबड्डी' चा दम एका श्वासात टिकवायचा. घाबरलेल्या चढाईपटूचा श्वास आधीच उथळ झालेला असतो. दम लवकर संपतो, नजर समोरच्या एकाच खेळाडूवर खिळते आणि कोपऱ्यातून येणारी पकड दिसतच नाही. बाहेरून पाहणारे म्हणतात, "आज याचे पाय चाललेच नाहीत." खरे तर त्याची नजर आणि श्वास आखडलेले असतात.

नजर आखडण्याचा दुसरा परिणाम दुखापतीत दिसतो. जीन विल्यम्स आणि मार्क अँडरसन या क्रीडामानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये याची मांडणी केली. ताणाखाली स्नायू ताठरतात, लक्ष विचलित होते, कडेचे दिसणे कमी होते, आणि म्हणून ताणाखालच्या खेळाडूला दुखापत होण्याचा धोका वाढतो. घोटा मुरगळून आलेल्या मुलाला क्रेप बँडेज बांधताना त्याच्या घरी काय चालले आहे, हे विचारणेही म्हणूनच उपचाराचा भाग आहे.

कांबळवाडीच्या मुलाचे दोन अंतिम सामने

भीती फक्त शाळकरी मुलांना वाटते असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या एका शिक्षकाचा मुलगा, स्वप्नील कुसाळे, शाळकरी वयातच २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि नेमबाजीकडे वळला. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन हा त्याचा प्रकार. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून नेम धरायचा. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असते. छातीतला प्रत्येक ठोका नळीच्या टोकाला जाणवतो.

२०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. देशासाठी ऑलिम्पिकची जागा मिळाली, पदक हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. शेवटच्या टप्प्यात, उभ्या स्थितीत, एक गोळी ७.६ वर गेली. पुन्हा चौथा.

दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकचा अंतिम सामना झाला. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा होता, झोपून नेम धरण्याच्या फेरीनंतर पाचवा. मग ज्या उभ्या स्थितीने आधी घात केला होता, तिथेच तो वर सरकत गेला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन उतरला. या प्रकारात भारताचे ते पहिले ऑलिम्पिक पदक.

पालकांनी या गोष्टीतून एवढेच घ्यावे की ७.६ ची ती गोळी त्याची लायकी ठरवणारी नव्हती. तो एक वाईट क्षण होता आणि त्यानंतरही त्याला सरावाची, चुकण्याची, पुन्हा उभे राहण्याची जागा मिळाली. कर्जतच्या नववीतल्या मुलीलाही तीच जागा हवी असते.

येत असलेली गोष्ट अचानक का चुकते?

जिना उतरताना प्रत्येक पावलाकडे लक्ष देऊन पाहा. पाय अडखळतो. रोजच्या सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूचा जो भाग सांभाळतो, त्याला जाणीवपूर्वक लक्षाची गरज नसते. "चुकायचे नाही" म्हणून आपण तिथे लक्ष घातले, की उलट बिघडते.

सायन बायलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनुभवी गोल्फपटूंवर प्रयोग केला. स्वतःच्या फटक्याकडे बारकाईने लक्ष द्या असे सांगितल्यावर या मुरलेल्या खेळाडूंची कामगिरी खालावली. नवशिक्याला मात्र सूचना लागतातच. याचा आपल्या मैदानांवरचा अर्थ सरळ आहे. सरावात हवे तेवढे शिकवावे. सामना सुरू झाल्यावर रेषेबाहेरून "पाय बघ, हात वर घे, डावीकडे, अरे काय करतोस" असा मारा करू नये.

दुसरे कारण म्हणजे मनात चालू असलेला हिशेब. हरलो तर सर काय म्हणतील, बाबांनी कामावर सुट्टी टाकली आहे, वाडीतले सगळे बघायला आलेत. डोक्यात एका वेळी मावणारी माहिती मर्यादित असते. तिथे हा हिशेब भरला की समोरचा खेळ वाचायला जागा उरत नाही.

हिशेब येतो कुठून?

मुलांच्या डोक्यातला हा हिशेब मोठ्यांनीच तिथे ठेवलेला असतो, बहुतेकदा चांगल्या हेतूने. खेळातून दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्या घरात पगार कधी आला नाही, तिथे "खेळलास तर पोलीस भरतीत लागशील" हे वाक्य सहज निघते. त्यात चूक काही नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला प्रत्येक चढाईत घराचे भवितव्य दिसू लागले, तर ती चढाई त्याला झेपत नाही.

घाई करण्याचेही कारण नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो बारावीनंतर, सैन्यात भरती झाल्यावर. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. सतराव्या वर्षी जिल्हा हुकला म्हणून सारे संपले, असे शरीरशास्त्र सांगत नाही.

झोपेचा प्रश्न या पट्ट्यात वेगळाच आहे. पहाटे सराव, मग शाळा, मग क्लास. खोपोली किंवा कर्जतहून लोकल धरून शिकायला जाणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंचा दिवस तर अंधारात सुरू होऊन अंधारात संपतो. त्यावर रात्री मोबाइल. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. लॉस एंजेलिसमधील ११२ शालेय खेळाडूंच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली. मिझुरी विद्यापीठातील १०१ फुटबॉलपटूंच्या २०१६ च्या अभ्यासात परीक्षेच्या आठवड्यांत दुखापती वाढल्याचे दिसले. आपल्याकडे सहामाही आणि सामने एकाच महिन्यात येतात, हे शाळांनी वेळापत्रक आखताना लक्षात घ्यायला हवे.

वाडीवरून आलेली मुले

कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागातील ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. डोंगर चढण्या-उतरण्याने यांचे पाय आणि फुप्फुसे तयार झालेली असतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत अशाच आदिवासी पाड्यावरून येऊन २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक जिंकली.

पण या मुलांचा मनावरचा भार वेगळा असतो. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी. सातव्या-आठव्या वर्षापासून घरापासून दूर. जिल्ह्याच्या मैदानावर बूट घातलेली, ट्रॅकसूटमधली मुले पाहून अनवाणी धावणारा मुलगा शर्यतीआधीच स्वतःला कमी लेखतो. काहींच्या मनात याहून मोठे घाव असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा आघातातून आलेले मूल सरावात एकदम चिडले, गप्प झाले किंवा ढगांच्या गडगडाटाने दचकले, तर त्याला शिस्तभंग म्हणू नये. अशा मुलांना मैदानाचा आधारही मिळतो. ठरलेली वेळ, ठरलेले सवंगडी आणि नावाने हाक मारणारे एक मोठे माणूस, एवढ्यानेही मन सावरायला मदत होते.

मुलींच्या अडचणी बोलल्याच जात नाहीत. मैदानाजवळ स्वच्छ स्वच्छतागृह नाही म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग डोके दुखते, चक्कर येते आणि "ऐन वेळी घाबरली" असा शिक्का बसतो. पाळी सामन्याच्या दिवशी आली तर सांगायचे कोणाला, हा आणखी एक प्रश्न. प्रत्येक संघाबरोबर एक शिक्षिका असली, तर यातल्या निम्म्या गोष्टी सुटतात.

कुस्तीत वजनगट असतात, शालेय कबड्डीतही लहान वयोगटांना वजनाची मर्यादा असते. त्यासाठी दोन दिवस उपाशी ठेवणे, पाणी तोडणे हे प्रकार सर्रास चालतात. उपाशी मेंदू चिडचिडा होतो आणि निर्णय चुकवतो. लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी खाणाऱ्या खेळाडूंत हाडे, हार्मोन, पाळी आणि मनःस्थिती सगळेच बिघडते, याकडे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये लक्ष वेधले. तीन महिने पाळी न येणे ही 'खेळामुळे होतेच' म्हणून सोडून द्यायची बाब नाही.

थांबणे म्हणजे पळून जाणे नव्हे

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम सामन्यातून माघार घेतली. हवेत असताना शरीराचा अंदाज हरवत होता. जगभरातून टीका झाली. २०२४ मध्ये पॅरिसला ती परतली आणि तीन सुवर्ण व एक रौप्य जिंकली. वेळीच थांबल्याने तिची कारकीर्द वाचली.

जिंकल्यानंतरही मन खचू शकते. २००८ मध्ये बीजिंगला देशाचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा अभिनव बिंद्रा त्या विजयानंतर आलेल्या पोकळीबद्दल नंतर मोकळेपणाने बोलला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१९ मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर स्वतंत्र निवेदन काढले. ज्यांच्याकडे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षकांचा ताफा आहे त्यांचे हे, तर तालुक्याच्या मैदानावरच्या मुलांचे काय?

मन की शरीर?

सामन्यापूर्वीची धडधड, पोटातला गोळा, एखादी रात्र झोप न लागणे हे सामान्य आहे. सामना सुरू झाल्यावर ते कमी होते. पण काही गोष्टी मनावर ढकलू नयेत. धावताना शुद्ध हरपून पडणे, छातीत दुखणे किंवा कुटुंबात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांसाठी हृदयाची तपासणी हवी. पावसाळ्यातला ताप म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो नाही ना, हे पाहायला हवे. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. उजवीकडे खाली दुखणारे, वाढत जाणारे पोट भीतीचे नसते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास आहे, आवडता खेळ नकोसा झाला आहे, जेवण-झोप बिघडली आहे, मित्रांना टाळते, किंवा "मी नसतो तर बरे" असे बोलते, तर थांबू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. टेली-मानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येते.

आणखी एक गोष्ट. नियमित येणारे मूल अचानक सरावाला जायला नकार देऊ लागले, एखाद्या ठराविक व्यक्तीसमोर आक्रसू लागले, तर आळस समजून ओरडू नये. मारहाण, अपमान किंवा लैंगिक छळ होत असण्याची शक्यता लक्षात घेऊन शांतपणे ऐकावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.

काय करता येईल?

यासाठी फार खर्च लागत नाही.

• श्वास: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. पाच मिनिटे, रोज सरावात. श्वास सोडणे लांबले की ठोके मंदावतात. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा शिकवून उपयोग होत नाही.

• ठरलेला क्रम: बुटाची नाडी, दोन उड्या, एक लांब श्वास, मनात एक शब्द. दर सामन्याआधी तोच क्रम. मनाला धरायला ओळखीचे काहीतरी मिळते.

• भीतीला नाव: "घाबरू नकोस" म्हटल्याने भीती जात नाही. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवले, की गाणे, भाषण किंवा गणित करण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आला आहे" म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस होती. "ही धडधड म्हणजे शरीर तयार होतंय," असे मुलांना सांगावे.

• सरावात दडपण: शेवटची दोन मिनिटे, दोन गुणांची पिछाडी, बाहेर आरडाओरडा, अशी परिस्थिती सरावातच उभी करावी.

• निकालापेक्षा कृतीचे कौतुक: "जिंकलास" यापेक्षा "तिसऱ्या चढाईत बोनससाठी घाई केली नाहीस, ते छान केलंस."

• चार जणांसमोर अपमान नको. चूक नंतर, एकट्याला, एकच सांगावी.

अलिबागहून परतताना

जिल्ह्याच्या स्पर्धेत बहुतेक संघ हरतात, कारण जिंकणारा एकच असतो. मग अलिबागहून पेणमार्गे खोपोलीकडे परतीचा प्रवास सुरू होतो. येताना गाणी म्हणणारी गाडी आता गप्प असते. जिच्या हातून शेवटची पकड सुटली ती मुलगी खिडकीपाशी बसलेली असते. तिला ती चूक ठाऊक आहे. पुढचे अनेक दिवस ती तिच्या डोळ्यांपुढे येणारच आहे.

या दोन-तीन तासांत मोठे जे बोलतात, ते मुले फार काळ लक्षात ठेवतात. "तुझ्यामुळे गेलं" हे वाक्य पुढच्या वर्षी सामन्याच्या सकाळी पोटात दुखणे होऊन परत येते. म्हणून त्या दिवशी विश्लेषण नको. ते सोमवारी मैदानावर करता येईल. गाडी चहासाठी थांबली की सरांनी तिच्या शेजारी बसावे आणि विचारावे, "गुडघ्याला लागलं होतं ना, दुखतंय का? काही खाल्लंस का?" घरी पोहोचल्यावर आईवडिलांनी "जिंकलात का?" च्या आधी "आलीस बाळा? हातपाय धू, जेवून घे," म्हणावे.

पुढच्या ऑगस्टमध्ये तिला पुन्हा धडधडेल. ते चांगलेच आहे. त्या वेळी तिच्या डोक्यात घराचा, वाडीचा, मागच्या वर्षीचा हिशेब नसावा, समोरचा खेळ असावा. तो हिशेब उतरवून ठेवणे मुलांच्या हातात नसते, ते काम आपले आहे.